तांबड्या वायरचा रिपोर्ट

करी रोडच्या ज्या टॉवरमध्ये हे घडलं, त्याच जागेवरच्या कापड गिरणीत माझे वडील सोळा वर्षं साचे, म्हणजे माग, चालवत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होतो. आईने राहत्या खोलीतच खानावळ काढली. आठ गडी जेवायला बसले की मी पुस्तक घेऊन जिन्यात. तिथे बसून शिकलो. घरातला पहिला पदवीधर मी, तोही इंजिनियर. याचा अभिमान आहे, लपवत नाही. त्या अभिमानाने एकदा काय केलं, तेही लपवणार नाही.

मी लिफ्ट मेंटेनन्समध्ये आहे. तेव्हा सुपरवायझर होतो, हाताखाली पाच टेक्निशियन. त्या मंगळवारी सकाळी चौदाव्या मजल्यावर नाडकर्णी आजी लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. त्यांनी काठी पुढे टेकवली आणि दार उघडं असतानाच लिफ्ट वर निघाली. आजींनी काठी सोडली, पाय मागे घेतला, म्हणून वाचल्या. काठी चौदाव्यावर राहिली, आजी पंधराव्यावर पोचल्या.

खरं तर दार उघडं असताना लिफ्ट हलतच नाही. दाराला स्विच असतो. तो लागला तरच मोटर फिरते. टेस्टिंगपुरता तो स्विच आम्ही एका वायरने चुकवतो. तिला जंपर म्हणतात. आमचे जंपर मुद्दाम तांबडे आणि हातभर लांब, नजरेतून सुटू नयेत म्हणून. काम संपलं की जंपर काढायचा आणि चेकलिस्टवर दोन सह्या, एक टेक्निशियनची, दुसरी माझी. इथे जंपर वर मशीन रूमच्या पॅनलमध्ये तसाच लटकत होता.

आदल्या दिवशी ते काम विलास सावंतने केलं होतं. अकरा वर्षांचा जुना माणूस. मी चिडून विचारलं, तर एवढंच म्हणाला, "चूक झाली साहेब." आमचे मॅनेजर कुलकर्णीसाहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दे, सावंतला घरी बसवू. मलाही ते बरोबरच वाटलं.

रिपोर्टला वेळा लागतात, म्हणून फोन उघडला. मीच सावंतला पाठवलेल्या चार व्हॉइस नोट होत्या, वीस मिनिटांत चार. लालबागच्या साइटवर बिल्डर येणार होता, त्याची मला घाई. शेवटची नोट अशी: "अरे झोपलास का वर? आहे तसं सोड, लिफ्ट चालू कर आणि नीघ. चेकलिस्टचं मी बघतो."

आणि मी बघितलं होतं. गिरगावच्या ऑफिसात खुर्चीत बसून सही केली होती.

ती नोट मी तीनदा ऐकली. वडील त्यांच्या खात्यातल्या जॉबरबद्दल, म्हणजे मुकादमाबद्दल, सांगायचे. तो समोर दिसला की कामगार कापडातला दोष अंगाआड करायचे, आणि दोष तसाच पुढे जायचा. लहानपणी मला त्या जॉबरचा राग यायचा. आता तो माझ्याच फोनमधून बोलत होता.

रिपोर्टची पहिली ओळ मी लिहिली: दुसरी सही माझी आहे, मी पॅनल पाहिलेलं नाही.

कुलकर्णीसाहेबांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. "वेडा आहेस का? वर तुझं प्रमोशन चाललंय. रिपोर्टला सावंत एकटा पुरतो."

"सही माझी आहे साहेब."

"मग भोग."

दुसऱ्या दिवशी परळच्या स्टोअरमध्ये पाचही जणांना बसवलं आणि त्या चारही नोट मोठ्याने लावल्या. सावंत जमिनीकडे बघत राहिला. मी म्हटलं, चूक इथून सुरू झाली.

पहिला पेडणेकर बोलला. तो आमच्यातला सगळ्यात टवाळ. "साहेब, खरं सांगू? तुमचा फोन वाजला की आम्ही म्हणतो, भोंगा झाला."

सगळे हसले. मीही हसलो. मग पेडणेकरचं हसू गेलं. हळूच म्हणाला, "परळच्या टॉवरला दोन नंबरच्या लिफ्टचा ब्रेक उशिरा धरतोय. पंधरा दिवस झाले. तुमच्या कानावर घातलं नाही."

त्याच्या मागून दुसरा बोलला, मग तिसरा. कुणी लिफ्टचा गंजलेला वायर-रोप सांगितला, कुणी न बघता भरलेली चेकलिस्ट. मी लिहून घेत होतो. रोज सकाळी मी विचारायचो, "सगळं ओके?" रोज उत्तर यायचं, "ओके साहेब." इतकी वर्षं ही माणसं माझ्यासमोर उभी होती आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. चार नोट ऐकवल्या, तर अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मी असलं काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तीन लिफ्ट आम्ही स्वतःहून बंद केल्या. पेडणेकरने सांगितलेला ब्रेक उघडला, तर लायनिंग संपत आलं होतं.

मी आणि सावंत नाडकर्णी आजींकडे माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला आणि बजावलं, पुढच्या वेळी मी आणि काठी एकाच मजल्यावर उतरू असं बघा.

वॉर्निंग लेटर दोघांनाही मिळालं. माझं प्रमोशन दोन वर्षं लांबलं. सावंतची नोकरी राहिली. आता दुसरी सही पॅनलसमोर उभं राहूनच होते, आणि लिफ्ट बंद करायला कुणाला माझी परवानगी लागत नाही. त्यानंतर आमच्या पट्ट्यात एकही जंपर मागे राहिलेला नाही.

माझ्या जागेवर आज सावंत सुपरवायझर आहे. त्याच्या व्हॉइस नोट ग्रुपवर येतात. छोट्या असतात. शेवटी एक प्रश्न असतो, "काही अडतंय का?", आणि उत्तर येईपर्यंत तो थांबतो.