विहिरीवरचा न्याय

मुलगा शिकायला बाहेर गेला आणि माझ्या हातात एकदम वेळ आला. लग्नामुळे माझं शिक्षण बारावीवर थांबलं होतं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं मी ठरवलं आणि रात्रीच्या जेवणावर तसं सांगितलं. नवरा "कर की" म्हणाला. सासूबाईंनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "मीपण येते."

त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. पण मोठ्या वयाच्या लोकांसाठी आधी एक तयारीची परीक्षा असते, ती त्यांनी दिली आणि पास झाल्या. त्यांचा कागद पोस्टानं घरी आला तेव्हा मला त्यांच्यापेक्षा जास्त आनंद झाला, कारण रविवारी रिक्षात एकटीनं जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आमची शेती नाशिकला लागूनच. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. रविवारी पहाटे फुलं बाजारात पाठवली की आम्ही सासवासुना द्वारका चौकापर्यंत एका रिक्षानं आणि तिथून दुसऱ्या रिक्षानं वर्गाला जायचो. आठवडाभराचा अभ्यास मात्र फुलं तोडताना व्हायचा. मी आदल्या दिवशीचं वाचलेलं सांगायची आणि आई, म्हणजे सासूबाई, सरीच्या पलीकडून त्यावर बोलायच्या.

आमचा एक विषय होता राजकीय विचारवंत. देशोदेशीचे, हजारो वर्षांतले. मला ती सगळी पाठ करायची नावं वाटायची. आईंना ती माणसं वाटायची. एकानं लिहिलं होतं की राजा नसेल तर माणसं एकमेकांना फाडून खातील, म्हणून लोकांनी भीतीपोटी सगळी सत्ता एकाच्या हाती दिली. आई म्हणाल्या, "ह्याला शेजार वाईट मिळाला असंल." दुसऱ्यानं लिहिलं होतं की माणूस मुळात चांगला, समाज त्याला बिघडवतो. त्यावर त्या म्हणाल्या, "ह्याला पोरं नसतील." रविवारी त्यांनी वर्गात हात वर करून तसं विचारलंच. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, पोरं होती, पण त्यानं ती अनाथालयात सोडली. आईंनी त्या माणसाशी आठवडाभर अबोला धरला. मी त्याचं नाव काढलं की त्या मुकाट्यानं पुढच्या सरीत जायच्या. मग एके दिवशी स्वतःच म्हणाल्या, "माणूस तसा, पण बोलतो खरं. वाच पुढं."

आपल्याकडचे विचारवंत आले तेव्हा मात्र त्यांनी थट्टा केली नाही. ज्यांना कोणी पाण्याला शिवू देत नव्हतं त्यांच्यासाठी आपल्या घरचा हौद खुला करणाऱ्या माणसाविषयी मी सांगत होते. आईंनी फुलांची पाटी खाली ठेवली. "घरातल्यांनी विरोध नाय केला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याची बायको त्याच्याच बाजूची होती. "मग जमलं," त्या म्हणाल्या, आणि पाटी पुन्हा उचलली.

त्या वेळी आमच्या विहिरीवरून घरात अबोला होता. विहीर दोघा भावांची. मोटारीची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा यायची आणि बाकीचे दिवस रात्री. सासरे गेल्यापासून दिवसाची पाळी मोठ्या दिरांनी घेतली. त्यांचं म्हणणं, विहीर खोदताना वडलांच्या हाताखाली मी होतो. माझा नवरा म्हणायचा, फुलांना वेळेवर पाणी लागतं. भांडण वाढलं आणि दोघं भाऊ बोलायचेच बंद झाले. बांधावर समोरासमोर आले तरी निरोप आईंकरवी जायचा. मी आणि जाऊबाई बोलायचो, पण विहिरीचा विषय टाळून.

एका रविवारी वर्गात पुस्तकातला शेवटचा विचारवंत आला, एक अमेरिकन प्राध्यापक. त्याचं म्हणणं असं, की समाजाचे नियम करताना समजा आपल्याला ठाऊकच नाही की आपण त्यात श्रीमंत असणार की गरीब, बाई की पुरुष, धडधाकट की आजारी. अशा अजाणतेपणी आपण जे नियम करू ते न्यायाचे. मला ते नीट कळायला वेळ लागला. परतीच्या रिक्षात आई बाहेर बघत होत्या. द्वारकेच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा म्हणाल्या, "म्हंजी नेम आधी, चिठ्ठी मागून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही मुलांना विहिरीवर बोलावलं. आम्हा दोघी सुनांनाही. दोघे भाऊ पंपघराच्या दोन बाजूंना उभे राहिले. आई काठावर बसल्या.

"आजपासून पाण्याच्या दोन पाळ्या," त्या म्हणाल्या. "एक दिवसाची, एक रात्रीची. कोणती कोणाची ते आता नाय सांगायचं. ते शेवटी चिठ्ठी सांगंल. आधी दोघांनी मिळून नेम करायचे."

"मी थोरला हाय," दीर म्हणाले.

"चिठ्ठीला धाकलं-थोरलं कळत नाय. बोल, रात्रीची पाळी ज्याला येईल त्यानं किती दिवस ती करायची?"

दीर बोलायला लागले आणि थांबले. रात्रीची पाळी आपल्यालाच आली तर, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आलेला मला स्पष्ट दिसला. "वर्षभर नको," ते म्हणाले. "दोन महिन्यांनी बदलायची."

माझा नवरा लगेच म्हणाला, "थंडीतल्या रात्री लय वाईट. ज्याला त्या येतील त्याला उन्हाळ्यात जास्तीचं पाणी द्यावं."

"द्यावं," दीर म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांनी भावाच्या बोलण्याला सरळ उत्तर दिलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दोघंही विहिरीत बघायला लागले.

मग एकेक नियम निघत गेला. कोणी आजारी पडलं तर दुसऱ्यानं त्याचं पाणी धरायचं. घरात लग्न असलं तर पाळी माफ. मोटार जळाली तर ज्याची पाळी असेल त्याच्यावर ढकलायचं नाही, दोघांनी मिळून दुरुस्त करायची. प्रत्येक नियमाला आई एकच विचारायच्या, "आणि चिठ्ठी तुझ्या उलटी निघाली तर चालंल?" दरवेळी नियम थोडा मऊ व्हायचा.

तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "रात्री बॅटरी धरून वाफ्यात आम्हीच उभ्या असतो. त्याचा काय नेम?"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. हे त्यांना सुचलंच नव्हतं. आईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू आम्ही वर्गातच बसलो होतो. शेवटी ठरलं की रात्री बायकांना शेतात बोलवायचं नाही. दोघांनी डोक्याला लावायचे दिवे आणायचे, आणि जमलं तर ठिबक टाकायचं.

मग चिठ्ठ्या. मी लिहिल्या, आईंनी पदरात घोळवल्या. थंडीतल्या रात्री निघाल्या मोठ्या दिरांना. मला वाटलं आता पुन्हा सुरू होणार. ते चिठ्ठी वाचून हसायला लागले. "बरं झालं नेम आधी केले," ते भावाला म्हणाले. "नायतर उन्हाळ्याचं पाणी तू मला दिलं नसतंस." माझा नवराही हसला. जाऊबाईंनी तिथेच सगळ्यांना चहाला बोलावलं, आणि त्या घरचा चहा आम्ही फार दिवसांनी प्यायलो.

थंडीत दीर रात्री शेतात असायचे आणि माझा नवरा, गरज नसताना, त्यांच्या सोबतीला जायचा. दोघं शेकोटीपाशी काय बोलायचे कोण जाणे. सकाळी दोघांचेही डोळे लाल आणि चेहरे खूश असायचे.

परीक्षेला आम्हाला दिरांनीच पिकअपनं सोडलं. राजकीय विचारांच्या पेपरात न्यायावर प्रश्न आला. आईंचं अक्षर सावकाश, म्हणून मला धाकधूक होती. माझा पेपर संपला तेव्हा त्या पुरवणी मागत होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"पुस्तकातलं लिवलं. मग जागा उरली, म्हणून विहीर लिवली."

"आणि बाकीचे विचारवंत?"

"त्या पोरं सोडणाऱ्याचं पण लिवलं चांगलं. राग धरून कुठं मार्क मिळतात का?"

निकाल लागला तेव्हा त्या विषयात त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ते त्यांनी शेजारच्या मळ्यांत जाऊन सांगितलं, आणि माझे मार्कही सांगितले, म्हणजे फरक कळावा.

त्याच संध्याकाळी जाऊबाई आमच्या ओट्यावर आल्या. आधी भाजीचं बोलल्या, मग हवेचं. मग हळूच विचारलं, "ते प्रवेशाचं कधी चालू होतं?" आईंनी त्यांना जवळ बसवलं आणि पहिल्या वर्षाचे विषय कोणते, कोणता सोपा, कोणता विचारवंत सांभाळून घ्यावा लागतो, हे सगळं तपशिलानं सांगायला घेतलं. मी आत जाऊन तिघींसाठी चहा टाकला.