उंबऱ्यावरचं चौदावं बोट

नरडाण्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात वाचायला येणारी माणसं पुष्कळ झाली, पण मेलेल्या माणसांची हजेरी तोंडपाठ असणारी एकच, झुंबरबाई. वय पंचाहत्तरीच्या पुढे. गाव तिला अक्का म्हणतं, घरातल्या सुनाही. तिला दहा हातांवरचा माणूस ओळखू येत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी मेलेला माणूस कोणत्या पायाने लंगडत होता ते ती सांगते.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना बोलावतात. नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि सकाळीच उंबरा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. एका पूर्वजाचं एक बोट. इतर घरांत नाव घेतात, बोट टेकवतात, पुढे सरकतात, आणि चहाचं पाणी उकळायच्या आत सगळं कूळ जेवायला येऊन बसतं. झुंबरबाईकडे तसं चालत नाही. तिचा नियम असा की आधी माणूस सांगायचा, मग बोट टेकवायचं. नुसत्या नावाला कोण येईल, असं तिचं म्हणणं. पोस्टमनसुद्धा नुसत्या नावावर येत नाही.

तिच्या उंबऱ्यावर सतरा बोटं.

पहिलं उखर्डूआबांचं. त्यांच्या आधीची पाच भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून त्यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं, सूपभर ज्वारीला शेजारणीला विकलं आणि संध्याकाळी परत घेतलं. पुढे ते ब्याण्णव वर्षं जगले, आणि दर हंगामाची पहिली पाटी आधी त्या शेजारणीच्या दारात रिकामी करत. म्हणत, मी मूळचा तिकडचा. सोळावं बोट सासूबाईंचं, भिकुबाईंचं. विहीर कुठे खणायची यावरून त्यांचं आणि सासऱ्यांचं, म्हणजे वनाआबांचं, बिनसलं. भिकुबाईंनी सांगितलेल्या जागी पाणी लागलं. त्या खूश झाल्या आणि नऊ वर्षं नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

सगळ्यांत मानाचं होतं चौदावं, धाकट्या दिराचं, जीवरामचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बाविसाव्या वर्षी, चांद्या बैलाला धुवायला तो नदीवर गेला. वरून लोंढा आला. बैल वाहायला लागला. जीवरामने उडी मारली, बैलाला काठाकडे ढकललं आणि स्वतः पाण्याबरोबर गेला. चांद्या एकटाच घरी आला, ओला, कासरा चिखलातून घासटत. वनाआबांनी तीन दिवस नदीकाठ पालथा घातला. ही गोष्ट ऐकताना शेजारच्या बायाही लाटणं हातात घेऊन दाराशी येत.

गेल्या दोन वर्षांत झुंबरबाईला डोळ्यांनी दगा दिला. बोटावर बोट टेकायला लागलं, आणि पितरांची दाटी झाली. सुनेच्या लक्षात तीनच राहत. तेव्हा तिने नातसुनेला, दिपमालाला, धरलं. दिपमाला रावेरकडची, केळीवाल्या घरातली, नरडाण्याच्या शाळेत गणित शिकवते. तिने वही केली आणि सतरा माणसं पाठ केली. झुंबरबाईने तिची तीनदा परीक्षा घेतली. यंदाच्या आखाजीला कुंकवाची वाटी तिच्या हातात जायची होती. ती वाटी पुढे गेली नसती, तर झुंबरबाईबरोबर सतराही माणसं गेली असती. हे झुंबरबाईला माहीत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, फक्त महिनाभर जेवण कमी केलं.

आखाजी उजाडली. दिपमाला उंबऱ्याच्या आत बसली, शेजारी झुंबरबाई. मागे झुंबरबाईचा मुलगा प्रेमराज आंबे पिळत होता. तेरा बोटं नीट झाली. चौदाव्यासाठी दिपमालाने बोट कुंकवात बुडवलं आणि गोष्ट सुरू केली. एवढ्यात ओट्यासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. हातात पिशवी, पायात धुळीने पांढरे झालेले बूट. पत्ता विचारायला आला असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. त्याने टोपी काढली आणि सगळी गोष्ट उभ्याने ऐकली.

“...आणि चांद्या एकटाच आला, कासरा चिखलातून घासटत,” दिपमाला म्हणाली, आणि बोट उंबऱ्याकडे नेलं.

“कासरा घासटत कसा उना?” म्हातारा म्हणाला. “मी तो शिंगले गुंडाळी दिन्हा व्हता.”

दिपमालाचं बोट तसंच हवेत राहिलं.

“तुम्ही कोण?”

“मी जीवराम शे.”

प्रेमराजच्या हातातली कोय परातीत पडली. काका गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग धुतलेल्या उंबऱ्याकडे.

“काका, तुम्ही तर बुडेल व्हतात ना?”

“नही. ट्रकमा बसनू.”

“कोणत्या ट्रकमध्ये?” दिपमालाने विचारलं. गणिताच्या बाईंना पायऱ्या लागतात.

“सडकवर उभा व्हता. क्लीनर पळी गयता. ड्रायव्हर बोलना, चाल. मी गयू.”

“आणि बैल?”

“बैलले रस्ता माहीत व्हता.”

मग त्याने बाकीचं सांगितलं. ते थोडं होतं. बरीच वर्षं ट्रक, मग पिंपळनेरला लाकडाच्या वखारीत काम, तिथेच लग्न, मूलबाळ नाही. घरी का आला नाही? “पहिला साल लाज वाटनी. मंग सवय पडी गई.” गेल्या थंडीत बायको वारली. तिच्या दहाव्याला पाणी सोडताना त्याच्या मनात आलं की आपल्यानंतर आपल्याला कोण? “माले पानी कोन देई? म्हनीसन उनू. आखाजीले एक बोट माझं बी टेकाडा, इतलंच सांगाले उनू.”

“टेकवतोच आहे,” प्रेमराज म्हणाला. “पन्नास वर्षं झाली.”

जीवरामला हे लवकर समजलं नाही. समजल्यावर तो ओट्यावर बसला.

दिपमालाने कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि वाटी खाली ठेवली. वाटी ठेवल्याचा आवाज झुंबरबाईने ऐकला.

“अक्का, ही गोष्ट मला तुम्ही तीनदा म्हणायला लावली,” दिपमाला म्हणाली. “एक पायरी चुकली की खालचं गणित सगळं चुकतं. मी खोटं नाही सांगणार. बाकीच्या सोळांत खरं किती?”

“बठ्ठं खरं शे.”

“आणि हे?”

झुंबरबाईने मान जीवरामच्या दिशेने वळवली. तो हळूच म्हणाला, “वयनी, तू सोडा का तो कासरा?”

“हां. मीच सोडा.”

बैल आला तेव्हा अंगणात ती एकटी होती. शिंगांना कासरा नीट तीन वेढे घालून खोचलेला. बुडणारा माणूस असं करत नाही, जाणारा करतो. तिने वेढे सोडले, कासरा चिखलात घोळवला, आणि मग हाक मारली.

“का अक्का?” दिपमालाने विचारलं.

“तुझ्या वनाआबांना एक थोरला भाऊ होता. घर सोडून गेला. बापाने आबांना शपथ घातली, पळाला त्याला या उंबऱ्यावर बोट नाही. नाही टेकवलं.”

“त्यांचं नाव काय?”

“तेच तर. कोनले माहीत?” झुंबरबाई म्हणाली. मग जीवरामला म्हणाली, “मरेल व्हशी ते पानी भेटी. जित्ता व्हशी ते कुंकूनं काय वझं? म्हनीसन नदीमा टाका तुले.”

जीवरामने मान हलवली. मग त्याने विचारलं, प्यायला काही मिळेल का, सकाळपासून एसटीत आहे. प्रेमराज माठाकडे निघाला. झुंबरबाईने घागरीकडे हात केला.

“माय, ती पितरांची शे.”

“त्यानीच शे. दे.”

प्रेमराजने डांगर बाजूला ठेवलं आणि तांब्या भरला. पन्नास आखाज्यांत ते पाणी पहिल्यांदाच खरोखर कुणीतरी प्यायलं. दोन तांबे.

दिपमालाने तेरा बोटांकडे पाहिलं. मग तिने वाटी उचलली. तेराव्याशेजारी एक बोटभर जागा मोजून मोकळी सोडली आणि वनाआबा, भिकुबाई, हेमराजआबा अशी उरलेली तीन माणसं सांगून तीन बोटं टेकवली. हेमराजआबा म्हणजे झुंबरबाईचे यजमान. त्यांना कासऱ्याचं कधीच कळलं नाही. शेवटी ती मोकळ्या जागेकडे परत आली.

“जीवरामआबा,” ती म्हणाली. “पोळ्याच्या आदल्या दिवशी चांद्याला धुवायला गेले. सडकेवर ट्रक उभा होता. जाताना कासरा शिंगांना गुंडाळून बैल घरी पाठवला. झुंबरबाईने तो सोडला, चिखलात घोळवला आणि...”

“अंबाडीना कासरा व्हता,” झुंबरबाई म्हणाली. “नुसता कासरा नको म्हनू. पुन्हा सांग.”

दिपमालाने पोळ्याच्या आदल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली.