खुर्चीचा डावा हात

आमच्या गल्लीत एखादी वस्तू मोडली की ती आधी माळ्यावर जाते. पाच-सात वर्षांनी घरातल्या कुणाला तरी तिची माया येते, आणि मग ती पॉलिशकाकांकडे जाते. पॉलिशकाका हे नाव तसं अपुरं आहे. ते खुर्च्यांना वेत विणतात, ट्रंकांच्या बिजागऱ्या बदलतात, शिवणयंत्रांची कुजलेली फळकुटं बसवून देतात. भिंतीवरच्या घड्याळांची लाकडी पेटीही सांधतात, पण घड्याळ चालेल याची जबाबदारी घेत नाहीत. "घर नीट करून देतो, आत राहणाऱ्याचं तुम्ही बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एकांना जुनं नवं करून हवं असतं, दुसऱ्यांना नवं जुनं करून. दुसरी जात अलीकडे वाढली आहे. एकदा एक बाई कोरं करकरीत जेवणाचं टेबल टेम्पोत घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे आमच्या पणजोबांचं वाटलं पाहिजे." काकांनी टेबलाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "पणजोबा सांभाळून जेवायचे की सांडलवंड करायचे?" बाई म्हणाल्या, सांभाळून. त्याप्रमाणे काकांनी गंजके खिळे भिजवलेलं व्हिनेगर लावून लाकूड काळवंडवलं, किल्ल्यांच्या जुडग्यानं कडा ठोकल्या, मेणात काजळी कालवून खाचांत भरली आणि आठ दिवसांत साठ वर्षं करून दिली. एका सभ्य माणसाची साठ वर्षं.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत त्यांची पद्धत उलटी. वस्तू मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आली की आधी तिचं जुनं पॉलिश खरवडून लाकूड उघडं करायचं, भेगा नि ओरखडे लाख आणि भुसा घालून भरायचे, मग काय ते बोलायचं. "आधी आंघोळ, मग चौकशी," असं ते म्हणत. पण चौकशीची वेळ सहसा येत नसे. वस्तू कुणाची होती, ती धरून कोण बसायचं, हे विचारलं की गिऱ्हाईक रडतं, आणि रडणारं गिऱ्हाईक लवकर उठत नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा नकाशे काढायच्या कचेरीत होता. तो या धंद्यात का आला नाही, असं विचारलं तर काका सांगत, "त्याला भुशाची ॲलर्जी आहे." मुलगा सांगे, "भुशाची नाही, अबोल्याची." दोघांचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला समोरासमोर बसावं लागतं.

मागच्या वर्षी मुलाला रक्ताचा आजार निघाला. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्याला घरी आणलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक जुनी सागवानी हाताची खुर्ची मांडली. त्या खुर्चीत तो अकरा आठवडे बसला. बायकोला सहावा लागला होता. ती समोर स्टुलावर बसायची. उजव्या हाताला सलाईनची सुई, म्हणून तो हात उशीवर. डावा खुर्चीच्या हातावर.

त्या अकरा आठवड्यांत काकांनी जेवढं काम उपसलं तेवढं उभ्या जन्मात उपसलं नव्हतं. रखडलेली, टाळलेली, खुद्द गिऱ्हाइकं विसरून गेलेली, असली सगळी कामं त्यांनी काढली. जेवणाचं ताटही शेडमध्येच. काकू ताट ठेवत आणि म्हणत, "अहो, जरा आत जाऊन बसा त्याच्याजवळ."

"ही लाख वाळली की जातो."

लाख तशी पटकन वाळते.

मुलगा गेला. सहा आठवड्यांनी नात झाली. एक गेलं आणि एक आलं, असं शेजारच्या एका बाईंनी बोलून दाखवलं, जणू दुकानात सुटे पैसे बदलून मिळाले. काकूंनी त्यांना चहा दिला आणि पुन्हा बोलावलं नाही.

सून बाळाला पाजायला त्याच खुर्चीत बसायची. उजव्या हातावर बाळ, डावा हात खुर्चीच्या हातावर. तिथं पॉलिश झिजलेलं होतं आणि नखाच्या बारीक बारीक खुणा होत्या. तिची बोटं त्यांवरून फिरत राहायची. यात बघण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा सुनेच्या भावाचा फोन आला. तो पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात राहतो. तिथल्या एका शाळेत जागा होती, वहिनी बाळाला सांभाळायला तयार होती. सुनेनं सासू-सासऱ्यांना सरळ सांगितलं, "मी अजून ठरवलेलं नाही. महिनाअखेरपर्यंत सांगते म्हटलंय." काका म्हणाले, "बरं," आणि शेडमध्ये गेले. काकू मागोमाग गेल्या.

"तिला थांब म्हणा."

"म्हणायचं काय त्यात? घर तिचंच आहे."

"हे तिला सांगा. मला कशाला सांगता? मी कुठं चाललेय? मला भाऊ नाही."

काकांनी ऐकून घेतलं. उत्तर त्यांनी आपल्या पद्धतीनं द्यायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सुनेचा करकरणारा पलंग गप्प झाला. तिच्या कपाटाचं दार, जे लग्नाच्या दिवसापासून उचलून लावावं लागे, ते बोटानं लागायला लागलं. बाळाच्या कपड्यांसाठी ट्रंक घासूनपुसून, आतून नवा कागद लावून आली. स्वयंपाकघरातली मांडणी सरळ झाली. घराला इतकं नीटनेटकं राहायची सवय नव्हती, त्यामुळे सगळेच जरा अवघडून वावरू लागले. काकू म्हणाल्या, "घर सुधारायला काढलंय की विकायला?"

काकांचा हिशेब साधा होता. चांगली बनवलेली वस्तू कुणी टाकून जात नाही.

मग सून बाळाला घेऊन चार दिवस भावाकडे गेली, शाळा बघायला. काका खुर्ची शेडमध्ये घेऊन गेले. सैल पडलेला वेत कापून काढला, नवा भिजत घातला. हात, पाय, पाठ सुटे केले आणि सगळं मिळून खरवडलं. डाव्या हातावर ओरखडे दिसले. ओरखडा म्हणजे भरायची जागा. चाळीस वर्षांत त्यांनी ओरखड्याकडे दुसऱ्या कशासाठी पाहिलं नव्हतं. भरले, घासले, वर बोळ्यानं लाखेचे बारा हात दिले. सून परत आली तेव्हा खुर्ची खिडकीपाशी अशी चमकत होती की खिडकीच मळकी वाटावी.

सुनेनं बाळ काकूंकडे दिलं, खुर्चीजवळ गेली, डाव्या हातावरून बोट फिरवलं. ते घसरत टोकापर्यंत गेलं.

"नवी दिसतेय," ती म्हणाली.

"नवीच समज," काका म्हणाले.

त्या दिवसापासून ती पलंगावर बसून बाळाला पाजू लागली. खुर्ची खिडकीपाशी रिकामी राहिली. काकांना वाटलं, जपतेय.

तीन दिवसांनी काकूंनी ताट ठेवता ठेवता सांगितलं, "त्याच्या हातच्या खुणा होत्या हो त्या खुर्चीवर."

"होत्या ना. भरल्या मी. शोधून सापडायच्या नाहीत."

"तेच सांगतेय."

काका जेवले नाहीत. महिना संपायला आठवडा होता. एखाद्या बापानं अशा वेळी आत जाऊन सुनेची माफी मागितली असती. काकांना माफी मागता येत नव्हती, पण नव्याचं जुनं करता येत होतं. त्यांनी खुर्ची पुन्हा शेडमध्ये नेली. डाव्या हातावरचं पॉलिश तळहाताच्या रुंदीएवढं उतरवलं, तिथं तेल आणि काजळीचं बोट फिरवून घामाचा काळपट तुकतुकीतपणा आणला. मग आपल्याच अंगठ्याच्या वाढलेल्या नखानं, आठवेल तसे ओरखडे काढले. आखूड, तिरपे, दाटीवाटीनं. आपला मुलगा दुखणं सोसताना लाकडात नख कसं रुतवत असेल, हे ते मनाशी धरत होते आणि मग एकेक रेघ मारत होते. हे काम त्यांनी पाच दिवस केलं. असं काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. त्या टेबलाचे पणजोबा याच्यापुढे काहीच नव्हते.

शनिवारी दुपारी त्यांनी खुर्ची आत आणून ठेवली आणि नेहमीसारखे निघून न जाता दाराशी उभे राहिले. सून बसली. डावा हात खुर्चीच्या हातावर गेला. बोटं चालू लागली, अडली, पुन्हा पहिल्यापासून चालू लागली.

"बाबा, हे काय आहे?"

"त्याचे ओरखडे. मी चुकून भरले होते. परत केलेत. दुखायला लागलं की तो हातानं..."

"दुखायला लागलं की तो उशी चावायचा." ती शांतपणे सांगत होती, पत्ता सांगावा तसं. "या खुणा दुखण्याच्या नव्हत्या. तुम्ही खोलीत येऊन गेलात की तो एक रेघ मारायचा. आमची पैज असायची, आज येतील की नाही. मी येतील म्हणायचे. बहुतेक हरायचे."

काकूंनी बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"रागानं मारायचा?" काकांनी विचारलं.

"नाही. हसायचा. बाबांचं हजेरीपुस्तक म्हणायचा."

"किती होत्या?"

"एकोणीस."

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. त्यांनी चौतीस काढल्या होत्या. किती काढायच्या हा प्रश्नच पडला नव्हता. जागा जेवढी होती तेवढ्या शोभून दिसल्या.

"पंधरा हजेऱ्या जास्तीच्या लावून घेतल्यात," काकू म्हणाल्या. त्यांचा टोमणा इतक्या हलक्या आवाजात काकांनीही कधी ऐकला नव्हता.

काका पुढं झाले आणि खुर्चीच्या पाठीला हात घातला. "जास्तीच्या भरून टाकतो. संध्याकाळपर्यंत होईल."

"बाबा," सून म्हणाली, "असू द्या. बसा जरा."

काकांनी आजूबाजूला पाहिलं. त्या खोलीत कुठं बसतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी ते स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तसे.

"थांब ना इथंच," ते म्हणाले. महिनाभर जे शब्द निघत नव्हते ते असे निघाले. "घर तुझंच आहे."

"माहीत आहे. पलंग केलात, कपाट केलंत, ट्रंक केलीत. सगळं छान झालंय, बाबा, खरंच. या महिन्यात बाळाला किती वेळा घेतलंत?"

काकांनी आपले हात बघितले. "खरखरीत आहेत. स्पिरिटचा वास येतो. तिला सोसणार नाही म्हणून..."

"मला तुमचा राग नाही. त्यालाही नव्हता. पण ही मोठी होऊन पैजा लावत बसायला नको."

बाळानं जांभई दिली. सुनेनं उठून फोन घेतला आणि भावाला उद्या टेम्पो घेऊन ये म्हणून सांगितलं. आवाज चढला नाही, की रडूही आलं नाही. ज्यांची भांडणं होतात त्यांच्यात निदान समेटाची सोय असते.

टेम्पोत ट्रंक गेली, बाळाचं सामान गेलं. जागा उरली होती. सुनेच्या भावानं खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "ही घ्यायची?" ती नको म्हणाली. काकूंचे हात तिनं बराच वेळ धरून ठेवले. काका टेम्पोची मागची कडी घट्ट बसतेय का ते बघत होते. बसत होती.

पुढच्या महिन्यात काका एकटेच बसनं तिकडं गेले. सुनेच्या भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्यातली प्रत्येक वस्तू कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेली, चार स्क्रूंवर उभी. मोडली तर टाकून द्यायची. सवयीनं काकांनी टेबलाची कड दाबून पाहिली; ती हलली नाही. चहा झाला, प्रवास कसा झाला ते झालं. मग सुनेनं बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि भोकाड पसरलं.

काकांनी ते परत द्यायला उचललं.

"रडेल थोडा वेळ," सून म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ते रडत राहिलं. काकांना गाणं येत नव्हतं, गोष्ट येत नव्हती, परतीची बस दुसऱ्या दिवशी दुपारची होती. ते मांडी न हलवता बसून राहिले.