टोकदार पायांचा टेकू

दिनांक ९ फेब्रुवारी, रविवार. नेमबाजी मंडळाच्या तीनशे मीटरच्या मैदानावर सकाळी एका जुन्या महिला सभासदाची पात्रता चाचणी घेण्यात आली आणि तीत त्या अनुत्तीर्ण ठरल्या, अशी नोंद मंडळाच्या दप्तरी आहे. नोंद खोटी नाही, अपुरी आहे. ज्या ओट्यावर पालथे झोपून त्यांनी गोळ्या झाडल्या तो काही दिवसांपूर्वीपर्यंत मातीचा होता आणि त्या सकाळी सिमेंटचा निघाला. आणि ज्यांना हे पक्के ठाऊक होते त्यांनी आदल्या संध्याकाळी अवाक्षर काढले नाही. दप्तरात राहून गेलेला हा भाग येथे लिहून ठेवणे भाग आहे.

मंडळात सगळे त्यांना कंडक्टरबाई म्हणत. उभी हयात त्यांनी शहराच्या बसमध्ये तिकिटे फाडण्यात घालवली. उजव्या हाताने तिकीट द्यायचे आणि डाव्या हाताने डोक्यावरचा दांडा धरून गर्दीत तोल सांभाळायचा. आगाराने एकदा कर्मचाऱ्यांसाठी नेमबाजीची स्पर्धा ठेवली, तेव्हा केवळ जेवण फुकट आहे म्हणून त्या गेल्या आणि रायफलीमागे पहिल्यांदा आडव्या झाल्या. दिवसभर हलत्या फरशीवर उभे राहणाऱ्या माणसाला न हलणाऱ्या जमिनीचे केवढे अप्रूप असते, हे खुर्चीत बसून नोकरी केलेल्यांना सांगून कळायचे नाही. त्यानंतर रविवार सकाळ त्यांनी कुणाला दिली नाही. पोरीच्या लग्नाची बोलणीसुद्धा शनिवारी उरकायला लावली.

पण ज्या हाताने दांडा धरला त्याच हाताला रायफलीचा भार पेलायचा असतो. पालथे झोपून नेम धरताना दंडाला पट्टा बांधून डाव्या हातावर रायफल तोलतात. दोन वर्षांपूर्वी तो खांदाच बसला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "गादी झिजलीय, बाई. पट्टा बंद."

"आणि दांडा?"

"तोही बंद."

आगाराने त्यांना हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवले. तिथे छत्र्या, डबे आणि एकेकटे हातमोजे यांच्यामध्ये त्या दिवस काढू लागल्या. मंडळाने मात्र सभ्यपणाचा आव आणून निर्णय दिला: पट्टा जमत नसेल तर बायपॉड, म्हणजे रायफलीच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा टेकू, वापरावा, एकदा चाचणी द्यावी, ठरलेले गुण पडले तर जागा आणि मंडळाची रायफल राहील, नाही तर दोन्ही जातील. दुसरी संधी नाही. चिटणिसांच्या घरात दोन पिढ्या बंदुका आहेत. टेकूवर नेम धरणे म्हणजे नेमबाजीच नव्हे, असे त्यांचे मत आहे आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

घरी नणंदेने ऐकले तेव्हा तिला हसू आवरेना. "वहिनी, या वयात लोक गुडघ्याला पट्टा बांधतात. तुम्ही बंदुकीला पाय लावायला निघालात!"

"तिला तरी धड पाय मिळू देत की," कंडक्टरबाई म्हणाल्या.

टेकू निवडायला त्यांना कुलूपकाकांनी मदत केली. मंडळाच्या शस्त्रखोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात म्हणून हे नाव. त्यांनी घोंगडीवर तीन नमुने मांडले. पहिला उंच, अरुंद, खटका दाबला की पाय सटकन उघडणारा. दिसायला झोकदार. कंडक्टरबाईंनी तो लावून दुर्बिणीतून पाहिले, तर काळ्या वर्तुळावरची फुली त्यांच्या नाडीबरोबर थडथड उडत होती.

"हा शिकारीवाल्यांचा," काका म्हणाले. "उभ्या गवतात ठीक. इथे नुसता शोभेचा."

दुसऱ्याचे पाय रुंद आणि खाली चपट्या पट्ट्या. गोळीच्या धक्क्याने तो सरळ मागे घसरतो आणि सरळच पुढे आणता येतो, असे त्याचे कौतुक. पण ओट्याच्या भुसभुशीत मातीत त्या पट्ट्यांनी चर पाडले आणि दर गोळीनंतर रायफल नव्याने मांडावी लागू लागली. तिसरा बुटका, फाकलेल्या पायांचा, पायांना लोखंडी टोके. टोके मातीत रोवायची, दस्ता खांद्याला लावायचा आणि सगळे अंग किंचित पुढे रेटायचे, म्हणजे सांध्यांमधली ढिलाई निघून जाते.

"रेटा जास्त नको, कमीही नको," काका म्हणाले. "आणि दर वेळी तेवढाच."

कंडक्टरबाई पडल्या पडल्या हसल्या. "अहो काका, ब्रेक लागला की उभं राहायचं, तसंच की हे. जन्मभर तेच केलंय."

त्यांनी डोळे मिटले, दोन श्वास घेतले आणि उघडले. फुली वर्तुळाच्या मधोमध, जिथे सोडली होती तिथेच. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. तिथेच. त्या दिवशी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत छत्री मागायला आलेल्या माणसाला त्यांनी छत्रीबरोबर दुसऱ्याच कुणाचा तरी डबा हसत हसत देऊन टाकला, असे त्यांच्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे.

सराव चांगला चालला. मग फाटकावर पाटी लागली: मैदान दुरुस्तीसाठी बंद. पलीकडच्या टोकाला लक्ष्यांमागचा मातीचा बांध खचला होता, त्याचेच काम असणार असे सगळ्यांनी धरले. कुलूपकाकांनीही तसेच धरले, कारण त्यांची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. पण ओटेही सिमेंटचे करण्याचा ठराव समितीच्या चौघांनी मिळून केला होता. पावसात चिखल होतो, पाहुण्यांचे कपडे खराब होतात, हे कारण.

शनिवारी संध्याकाळी कार्यालयात साहित्याची तपासणी झाली. चिटणिसांनी टेकू उचलला, उलटा केला, टोकावर अंगठा फिरवला.

"छान टोकदार आहेत."

टोकांवर चढवायच्या रबरी टोप्या कंडक्टरबाईंच्या पिशवीत होत्या. त्यांनी त्या काढून टेबलावर ठेवल्या. "या बरोबर ठेवू का? असू देत जवळ."

"कशाला उगाच ओझं?" चिटणीस म्हणाले. "एकच जोडी चालते. टोकं की टोप्या, बोला."

"टोकं."

"ठरलं तर मग."

टोप्या परत पिशवीत गेल्या. हे संभाषण ऐकायला कुलूपकाका हजर होते. भिंतीच्या पलीकडे त्या वेळी नव्या सिमेंटवर भिजवलेले गोणपाट अंथरलेले होते आणि मैदानाच्या फाटकाची चावी चिटणिसांच्या खिशात होती.

सकाळी कंडक्टरबाई मैदानावर आल्या आणि ओट्याशी थबकल्या. राखाडी, गुळगुळीत, कडेला गवंड्याच्या थापीची नक्षी. त्यांनी बुटाने ठोकून पाहिले. मग त्या चिटणिसांकडे वळल्या.

"हे काल का नाही सांगितलंत?"

"मैदानाबद्दल तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही टोप्यांबद्दल विचारलंत. मी नियम सांगितला."

कुलूपकाका कार्यालयात ठेवलेल्या बाईंच्या पिशवीतून टोप्या आणायला धावले आणि धापा टाकत परतले. चिटणिसांनी हात आडवा केला. "तपासणी झालेल्या साहित्यात बदल नाही. नियम सगळ्यांना सारखा." त्या दिवशी चाचणी देणारे आणखी कुणी नव्हते.

नाही म्हणून घरी निघून गेल्या असत्या तरी जागा जाणारच होती. त्या झोपल्या. पहिल्या गोळीला टोके पाटीवर खिळा ओढावा तशी किंचाळली आणि रायफल डावीकडे सरकली. गोळी काळ्या वर्तुळाच्या बाहेर. त्यांनी रेटा कमी केला, तर टेकू धक्क्यासरशी उडू लागला. रेटा वाढवला की घसरे. शेवटी त्यांनी दुखरा हात पुढे नेला आणि टेकूचा पाय मुठीत घट्ट धरून उरलेल्या गोळ्या झाडल्या. मागे उभ्या असलेल्या समितीच्या सभासदांना त्यांची पाठ थरथरताना दिसत होती.

गुण जाहीर झाले. रायफल पुसून परत करताना त्यांना उजव्या हातानेच सगळे करावे लागले. चिटणीस हसत म्हणाले, "चला कंडक्टरबाई, शेवटचा थांबा आला!" चारपाच जण हसले.

कंडक्टरबाईंनी पिशवी उजव्या खांद्याला लावली आणि त्या फाटकाबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा खांद्याला मलम चोळत होता, तेव्हा एकदम म्हणाल्या, "अहो, बस थांबवायची घंटी कंडक्टर देतो. मी दिली नव्हती."

"मग तेव्हाच का नाही सुनावलंस त्याला?"

"तेव्हा हात वळत नव्हता. सगळं लक्ष तिकडेच होतं."

रायफल आता एका नव्या सभासदाकडे आहे. कपाटावरची नावाची पट्टी खरवडून काढली, तिचा डिंक अजून चिकट आहे. खांदा आणखी बिघडला; वेणी मुलगी घालून देते, ती माहेरी आली की. एरवी त्या केस नुसते मागे बांधतात. रविवारी सकाळी त्या नेहमीच्याच वेळी उठतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी कप हातात घेऊन बसतात, चहा गार होईपर्यंत. नणंद अजूनही येते, पण टोमणे मारत नाही. उलट फार जपून, हळू आवाजात बोलते. त्यावरूनच कंडक्टरबाईंना कळले, की घरातल्यांनी हे प्रकरण संपले असे धरले आहे.

ते संपलेले नाही. हे वाचणाऱ्यांपैकी जे मंडळाचे सभासद आहेत, त्यांनी येत्या वार्षिक सभेत हात वर करून दोन गोष्टी मागाव्यात. ९ फेब्रुवारीची चाचणी रद्द करा आणि त्या बाईंचा खांदा परवानगी देईल त्या दिवशी, त्या सांगतील त्या टेकूवर, ती पुन्हा घ्या. आणि शनिवारी टेबलावर ठेवलेल्या टोप्या परत पिशवीत का घालायला लावल्या, याचे उत्तर चिटणिसांकडून सर्वांसमक्ष, उभे राहून घ्या.