दोन साच्यांचे तुकडे

जिते स्टेशनवर गाडी क्रॉसिंगसाठी थांबली होती, तेव्हा बाबांचा फोन आला. "ताई गेली," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. समोरच्या बाकावर दोन बायका सुक्या मासळीवरून तावातावानं भांडत होत्या. आत्या असती तर मध्ये शिरून आधी एकीच्या बाजूनं, मग दुसरीच्या बाजूनं भांडली असती आणि पेण येईपर्यंत दोघींना हसवून उतरली असती... मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याला आता काही आठवडे झाले. माझी ही आत्या पेणजवळच्या आमच्या गावात गणपतीचा कारखाना चालवायची. शाडूच्या मातीच्या मूर्ती. तिचे यजमान, म्हणजे माझे काका, होते तोवर ते आपल्या जुन्या पेट्रोल जीपमधून कोलाडच्या पुढच्या गावांत घरोघरी स्वतः मूर्ती पोचवत. ते गेल्यावर नातेवाइकांनी सुचवलं, की ती लांबची घरं आता सोडून द्या, नाहीतर टेंपोवाल्याला सांगा. आत्यानं त्याऐवजी गाडी शिकून घेतली. "टेंपोवाला माल पोचवतो, गो. आपण गणपती नेतो," ती मला म्हणाली होती. मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत तोंड न उघडणारी. ती मला "मुकी मैना" म्हणायची, पण माझ्याकडून कधी बोलण्याची अपेक्षा करायची नाही. तिच्याजवळ मला बरं वाटायचं ते त्यामुळेच.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, ऐन श्रावणाच्या तोंडावर, जीपचं इंजिन कायमचं बसलं. त्याचे भाग कुठं मिळेनात. रोह्याचे दामू मिस्त्री काकांचे जुने दोस्त. त्यांनी भंगारात निघालेल्या एका टेंपोचं डिझेल इंजिन आणलं आणि जीपमध्ये बसवलं. गिअरबॉक्स मात्र जीपचाच ठेवला. दोन्हींचे बोल्ट जुळेनात म्हणून मध्ये लेथवर कातून घेतलेली जाड लोखंडी पट्टी घातली. मग एकेक अडचण निघत गेली. पंखा रेडिएटरला घासायला लागला, जुन्या बॅटरीला नवा स्टार्टर फिरवता येईना, ॲक्सिलरेटरची केबल तोकडी पडली. मिस्त्रींनी ते सगळं निस्तरलं. दोन गोष्टी मात्र हटेनात. चढावर गिअर आपोआप निसटायचा, आणि गाडी जरा वेगात आली की अंगात आल्यासारखी थरथरायची.

थरथर आम्हाला परवडणारी नव्हती. शाडूची वाळलेली मूर्ती दणका एक वेळ सोसते, कारण खाली पेंढा असतो, पण बारीक, सततची थरथर तिच्या सांध्यांत शिरते. एका चाचणीच्या फेरीत आत्यानं एक मूर्ती जीपमध्ये मागं ठेवली. नागोठण्यापर्यंत जाऊन आलो, तर आशीर्वादाच्या हाताच्या मनगटाशी केसाएवढी चीर. अशी मूर्ती कुणाच्या देव्हाऱ्यात कशी द्यायची? आत्यानं ती मूर्ती टाकीतल्या पाण्यात सोडली आणि तिची पुन्हा माती होईपर्यंत काठावर बसून राहिली. त्या वर्षी जीप गेली नाही, तर काकांची सगळी घरं दुसऱ्या कारखान्यांकडे जाणार होती, आणि एकदा बदललेला कारखाना लोक सहसा परत बदलत नाहीत.

मिस्त्रींनी इंजिनाखालचे रबर बदलले. पुन्हा बदलले. "डिझेल हाय, वयनी. थोडं थरथरणारच," ते म्हणाले.

"तू पण थरथरतोस सकाळी चहा नाय मिळाला तर. पण चहा घेतल्यावर थांबतोस ना?" आत्या म्हणाली. "ही थांबते कधी, ते बघ. क्लच दाबला की थांबते. सोडला की परत हाय."

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातून ओल्या शाडूचा गोळा घेऊन रोह्याला आली. मी सोबत होते. साडीचा पदर खोचून ती पोत्यावर उताणी झाली आणि सरकत जीपखाली गेली. जिथं जिथं एक भाग दुसऱ्याला भेटत होता, तिथं तिनं मातीचा पातळ हात फिरवला. इंजिन आणि पट्टीच्या मध्ये, पट्टी आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. मूर्तीच्या गळ्याचा सांधा बुजवतात ना, अगदी तसा. मिस्त्री माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझी आत्या आता माझ्या गिअरबॉक्सला सोंड लावणार."

दुपारपर्यंत माती वाळली. मग आम्ही कोलाडच्या रस्त्याला एक फेरी मारून आलो. आत्या परत खाली गेली आणि मलाही तिनं बोलावलं. मीही सरकत गेले. इंजिनाकडची माती जशीच्या तशी होती, तिच्या बोटांचे ठसेसुद्धा. गिअरबॉक्सकडची मात्र चिरा पडून गळून गेली होती.  एवढं मोठं, काळं, तेलकट यंत्र, आणि त्याचं दुखणं तिनं मातीच्या एका बोटानं बोलतं केलं होतं...

"बोल्ट तर टाइट हायत," मिस्त्री म्हणाले.

"असतील. दामू, आम्ही धड एका साच्यातून काढतो, हात दुसऱ्या. हात मातीनं चिकटतो, पण जागेवर राहायला आत काडी लागते. काडी नसली की सुकताना तो आपला सरकतो. तुझ्या काड्या कुठं हायत?"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. जुन्या इंजिनाला दोन लहान लोखंडी पिना होत्या. गिअरबॉक्स बरोबर मध्यावर बसतो तो त्यांच्यामुळे. त्या जुन्या इंजिनाबरोबरच निघून गेल्या होत्या, आणि नव्या पट्टीत त्यांच्यासाठी भोकंच पाडली नव्हती. नुसत्या बोल्टांवर गिअरबॉक्स किंचित खाली बसला होता. म्हणून गिअर निसटत होता, म्हणून थरथर होती.

"वयनी, उद्यापासून गॅरेज तुम्ही बघा. मी गणपती रंगवतो."

"तू रंगवलास तर उंदीर मोठा नि देव बारका होईल, मेल्या!"

दोघं इतके हसले की मीही हसले, मोठ्यानं. मिस्त्रींनी गिअरबॉक्स सुटा करून मध्यावर आणला, त्यातला दांडा हातानं सहज फिरेपर्यंत, आणि जागेवरच पिना बसवल्या. त्या वर्षी मी मागं पेंढ्यात मूर्तींजवळ बसून गेले. एकही चीर नव्हती.

यंदा कोलाडच्या पुढून एका आजोबांचा फोन आला. "बाय, आत्या नाय, ता कळला. आता आमचा देव कोन आनणार?" मी फोनवर फारशी बोलत नाही. "मी आणते," म्हणाले. गाडी मला तिनंच शिकवली होती.

जीपमध्ये बसले तर गुडघे स्टिअरिंगला लागले, शिकताना लागायचे तसेच. आत्या ठेंगणी, तिनं सीट पार पुढं बसवून घेतलं होतं. "मागं घेऊ?" मिस्त्रींनी विचारलं. मला क्षणभर वाटलं, नको म्हणावं. पण पाय असे आखडलेले राहिले, तर ब्रेक मारताना मूर्तींना दणका बसणार. "घ्या," मी म्हणाले. मिस्त्रींनी मागं नवी भोकं पाडून सीट आवळलं. "जुनी भोकं बुजवतो," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून थांबले. मग न बुजवताच हत्यारं गोळा करायला लागले.

काल पहिली फेरी केली. मागं मूर्ती, पुढं मी एकटी. पायांजवळच्या त्या भोकांतून सबंध रस्ताभर वारा येत होता, आणि खाली बघितलं की डांबर सरकताना दिसत होतं.