चोरीचा साहेब

छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरातले सगळे देव गेले, पण भिंतीवरचा गोरा साहेब गेला नाही. लाल डगला, पांढऱ्या मिशा, कमरेला तलवार. आजोबा कामठीच्या छावणीत त्याचे खानसामा होते. विलायतेला परत जाताना साहेबाने ही रंगवलेली तसबीर त्यांना बक्षीस दिली, असं वडील सांगत. वस्तीतले लोक मात्र तिला ‘चोरीचा साहेब’ म्हणत. वडील हसून सोडून देत, मला ते झोंबायचं. मास्तरकी लागल्यावर, सत्तरच्या सुमारास, मी ठरवलं की साहेबाचं नाव शोधायचं, त्याच्या घरच्यांना पत्र टाकायचं आणि बक्षिसाचा लेखी पुरावा आणायचा.

दोन वर्षं दर सुट्टीला कामठीपर्यंत सायकल दामटली. छावणीच्या कचेरीतला कारकून म्हणे, "नाव सांगा, मग पाहू." अरे बाबा, नाव ठाऊक असतं तर तुझं तोंड कशाला पाहिलं असतं. चर्चमधल्या म्हाताऱ्या पाद्र्यानेही आधी नावच विचारलं. गोऱ्यांच्या कबरस्तानात उन्हात थडगी वाचत हिंडलो, आणि आपला साहेब तर विलायतेत मेला असणार, हे फाटकाबाहेर आल्यावर सुचलं. शेवटी संग्रहालयातले एक जाणकार म्हणाले, तसबीर घेऊन या, बटणांवरून पलटण तरी ओळखू.

काच तडकलेली, पाठीवर आजोबांनी चिकटवलेला जुना पेपर. असं ध्यान कसं न्यायचं? म्हणून इतवारीतल्या फ्रेमवाल्याकडे टाकली. आठ दिवसांनी गेलो तर साहेब चकाचक.

"पेपरच्या खाली अजून एक कागद होता मास्तर," फ्रेमवाला म्हणाला. "वाळवी लागून होती, फेकला. नवा पुठ्ठा टाकून देल्ला. इंग्रजीत कायबाय लिहून होतं त्याच्यावर."

"काय लिहून होतं?"

"मले कुठं इंग्रजी येते? खाली सही होती मोठी."

दुकानामागचा कचरा मी दोन्ही हातांनी उपसला. कपटाही मिळाला नाही. फ्रेमवाल्यावर ओरडलो, पण तिथे तसबीर नेण्याची अक्कल माझीच होती.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "काय लिहून होतं गा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेबानं बक्षीस देल्ल्याचं. खाली सही होती."

मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगत नव्हतो? वडील खाटेवर बसले आणि धोतराचा सोगा तोंडाला लावून रडू लागले.

"मले वाटे, लोकायचंच खरं असन," म्हणाले.

मी म्हटलं, "नाही बाबा." त्या कागदावर काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही.