कोरडा कोळसा

लढाईच्या काळात पेट्रोल कुपनावर मिळू लागलं आणि आमच्या शेटनी लॉरीला कोळशाच्या गॅसचा प्लँट बसवून घेतला. केबिनच्या मागे माणसाएवढं उंच लोखंडी पिंप. वरून लाकडी कोळसा ओतायचा, खालून पेटवायचा आणि पंख्याचा दांडा पंधरा-वीस मिनिटं फिरवत राहायचं, तेव्हा कुठे इंजिन चालेल एवढा गॅस व्हायचा. तोवर हाताचे तुकडे पडायचे. मी तेव्हा तिशीत होतो. वसईहून नाशिकला खारवलेली मासळी न्यायचो आणि या रस्त्यावर गॅसच्या गाडीतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असा माझा समज होता.

कोळसा चिंचोटीला भरायचा. तिथे रस्त्याकडेला एक कातकरीण बसायची. नवरा डोंगरात भट्टी लावायचा, ही विकायची. पोतं देण्याआधी ती दोन तुकडे उचलून गिऱ्हाइकाच्या कानाशी एकमेकांवर वाजवायची. कोरडा कोळसा खणखणतो, ओला नुसता थप्प वाजतो. ती फारसं बोलायची नाही.

त्या दिवशीही तिने वाजवून दाखवला आणि मी तो खणखणाट नीट ऐकला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला सारवासारव करायला जागा राहणार नाही.

त्या खेपेला मासळी जास्त होती. माल अर्नाळ्याच्या एका कोळणीचा, आणि ती नेहमी मालाबरोबर यायची. जागा पुरेना, म्हणून मी कोळशाची पोती तळाला घातली आणि मासळीच्या पाट्या त्यांच्यावर रचल्या. काय अक्कल चालवली, म्हणून स्वतःवर खूशही झालो. कसाऱ्याच्या पायथ्याशी त्याच पोत्यांतून पिंप भरलं आणि अर्ध्या घाटात गाडीने मान टाकली. पंखा फिरवून खांदे गेले, पण पिंपातून नुसती वाफ. नाशिकचा बाजार चुकला.

परतल्यावर शेटनी विचारलं, "काय झालं?" नोकरी जाते की राहते, असा तो आवाज होता. मी म्हटलं, "कोळसा ओला निघाला. पाणी मारून विकते ती बाई."

एवढं बोललो ते निभावून न्यायला हवं होतं. पुढच्या खेपेला चिंचोटीला चार लॉऱ्या उभ्या होत्या. त्या सगळ्यांदेखत मी तिची पाटी लाथेने उलटी केली. "वजन वाढवायला पाणी मारतेस?" ती ओरडली नाही. सांडलेल्यातले दोन तुकडे उचलून तिने माझ्या कानाशी आणले. "दादा, मी पानी नाय मारला. ऐक ना."

मी मान फिरवली आणि समोरच्या वखारीत जाऊन कोळसा घेतला. बाकीचे ड्रायव्हरही माझ्यामागे आले.

पोती पुन्हा तळालाच घातली. कसाऱ्याला उपसली, तर कोळसा ओला, हाताला चिकटणारा. मी वखारवाल्याला शिव्या घालायला लागलो. कोळणीने एक तुकडा उचलून जिभेला लावला.

"ह्यो मिठाचा पानी हाय," ती म्हणाली. "माज्या पाट्यांचा. वरती तूच रचल्यास ना?"

मी पाटीच्या बुडाला हात लावला; तो ओला झाला.

"आता त्या बाईला जाऊन सांग," ती म्हणाली. मी सांगतो म्हटलं.

सांगितलं नाही. त्यानंतर पोती केबिनला लागून ठेवली, पाट्या पार मागे, आणि गाडी घाट एका दमात चढली. शेट म्हणाले, वखारीचा कोळसा चांगला दिसतो. मी मान हलवली. चिंचोटीवरून जाताना ती दिसायची. तिचा ढीग तेवढाच असायचा. मी त्या बाजूला बघायचं टाळायचो.

महिन्याभराने मात्र राहवेना. तिच्यापुढे गाडी थांबवली आणि एक पोतं मागितलं. विकत घेतलं की न बोलता सगळं बोलून होईल, असा माझा हिशेब. पोतं तिने पुढे केलं, पण तुकडे उचलले नाहीत.

"तूच वाजव," ती म्हणाली.

मी वाजवले. खणखणले.

"कोरडा आहे," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल. त्यांना ऐकू जाऊ दे."

समोर वखारीशी ड्रायव्हर चहा पीत उभे होते आणि माझ्याकडेच बघत होते. दोन शब्दांचं काम होतं. मी पिंपाशी गेलो, दांडा धरला आणि पंखा फिरवायला लागलो. त्या घरघरीत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पिंप अजून तापलेलं होतं, पंख्याची गरजही नव्हती. तरी फिरवत राहिलो.

थांबलो तेव्हा तिने पोतं पुन्हा ढिगावर रिकामं केलं होतं. माझ्याकडे पाठ करून ती बसली होती. मी गाडी चालू केली.

पुढच्या खेपेला ती जागा मोकळी होती. भट्टी मोडून ती दोघं कुठे गेली, कुणाला माहीत नव्हतं, आणि चौकशी करायचं तोंड मला नव्हतं. आज म्हातारपणी एकटा असलो की मी ते मोठ्याने म्हणतो, कोळसा कोरडा होता. घरात कुणी आलं की अजूनही गप्प होतो.